रात्रपाळी कुणाची?

महाप्यात रात्रपाळी करणारी माणसं पुष्कळ. मिलेनियम बिझनेस पार्कमधल्या कितीतरी कचेऱ्या परदेशी घड्याळावर चालतात, आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या पाळ्या बदलतात तेव्हा शिळफाट्याच्या रस्त्यावर अपरात्रीही कंपनीच्या बसगाड्या धावत असतात. गाव सोडून आलेली, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी तरुण मुलं-मुली इथे सोबतीला कुत्रा आणतात. जागा लहान म्हणून कुत्राही लहानच बघतात: डॅशहुंड, शित्झू, ल्हासा, बीगल, अलीकडे फ्रेंच बुलडॉग. नेमक्या याच जातींच्या पाठीतल्या गाद्या ऐन तारुण्यात निकामी होतात. तीन ते सात वर्षांच्या धडधाकट कुत्र्याचे मागचे पाय एका रात्रीत लुळे पडतात आणि घरात वाद सुरू होतो.

तो वाद मी इथे एका मावशीच्या आणि तिच्या भाच्याच्या तोंडी घातला आहे. दोघंही माझ्या मनातली माणसं. मावशी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. भाचा आयटी कंपनीत, राहायला महापे गावठाणातल्या बिनलिफ्टच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. टिल्लू हा त्याचा पाच वर्षांचा डॅशहुंड. पाठीचं ऑपरेशन होऊन पंधरवडा उलटला आहे आणि मागचे पाय अजून भार घेत नाहीत.

मावशी: रात्री दोनदा उठलास, पहाटे पुन्हा. डोळे बघ तुझे. एक विचारते, राग मानू नकोस. याला सोडवत का नाहीस?

भाचा: सोडवणं म्हणजे इंजेक्शन देऊन मारणं. तसंच म्हण ना.

मावशी: बरं, तसं म्हणते. माझी अर्धी नोकरी कण्याच्या वॉर्डात गेली. झाडावरून पडलेले, परांचीवरून पडलेले बिगारी, मोटारसायकलवाले. कंबरेखाली काही कळत नाही, लघवी तुंबते, माकडहाडावर जखम होते ती हाडापर्यंत जाते. पहिल्या आठवड्यात खाटेभोवती दहा माणसं. तीन महिन्यांनी एकच, म्हातारी आई नाहीतर बायको. माणसाला निदान सांगता येतं की मला जगायचंय. याला कोण विचारणार?

भाचा: टिल्लूच्या पायांत जोर नाही, पण जाणीव आहे. हा फरक तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

मावशी: बोटाला चिमटा काढला की पाय आखडून घेतो, म्हणून म्हणतोस? त्यात काही अर्थ नाही. मेंदूशी संबंध तुटला तरी पाय आखडतो. कण्याच्या खालच्या भागातल्या नसा तेवढं आपल्या आपण करतात. नातेवाईक धावत यायचे, सिस्टर, पाय हलला! आणि त्यांना खरं काय ते सांगायचं काम आमच्याकडे असायचं.

भाचा: डॉक्टरांनी अगदी हेच सांगितलं. म्हणून त्यांनी पायाकडे बघितलंच नाही, तोंडाकडे बघितलं. फोर्सेपमध्ये बोटाचं हाड धरून चांगलं जोरात दाबलं, तेव्हा टिल्लूने मान वळवली आणि त्यांच्या हातावर दात विचकले. म्हणजे दुखलं ते मेंदूला कळलं. त्याला ते डीप पेन म्हणतात. या आजाराच्या पाच पायऱ्या मानतात. पहिलीत नुसतं दुखणं. कुत्रा पाठ वर काढून उभा राहतो, उचललं की केकाटतो. दुसरीत चालतो, पण झोकांड्या खात, पंजा उलटा टाकत. तिसरीत उभं राहता येत नाही, पाय थोडे हलतात. चौथीत पाय अजिबात हलत नाहीत, पण डीप पेन शाबूत असतं. पाचवीत तेही जातं. टिल्लू चौथीत होता. डीप पेन असताना ऑपरेशन झालं तर दहातले नऊ कुत्रे पुन्हा चालतात. ते गेलं की निम्मेच.

मावशी: आणि ऑपरेशन केलंच नाही तर?

भाचा: पहिल्या-दुसऱ्या पायरीवरचे बहुतेक कुत्रे कडक विश्रांतीने बरे होतात, पण पुष्कळांना ते पुन्हा गाठतं. टिल्लूलाही गाठलं. गेल्या वर्षी महिनाभर पिंजऱ्यात राहून तो सुटला होता. पाचव्या पायरीवर मात्र नुसत्या विश्रांतीने उठणारा कुत्रा विरळा.

या दोघांना इथे जरा थांबवतो, कारण डीप पेनची गोष्ट आखूड पायांचा कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर असायला हवी. ती परीक्षा घरी करायची नाही. ती सरावाच्या हाताने करायची आहे. आपण विचारायचा तो प्रश्न एवढाच की डीप पेन आहे का, आणि तो त्याच दिवशी विचारायचा. चौथी आणि पाचवी पायरी यांच्यात कधी कधी काही तासांचंच अंतर असतं. कुत्रा काल थोडा लंगडत होता, आज बसून आहे, रविवारी सुट्टी आहे तेव्हा दाखवू, या हिशेबात किती कण्यांची वेळ निघून जाते. साधा एक्स-रे काढून घरी पाठवलं म्हणजे तपासणी झाली असंही समजू नये. एक्स-रेत दोन मणक्यांमधली फट अरुंद झालेली दिसू शकते; मज्जारज्जूवर नेमकं कुठे आणि किती दडपण आलं आहे हे कळायला एमआरआय लागतो, नाहीतर सीटी स्कॅन.

मावशी: माणसाची गादी झिजते ती वयाने, ओझी वाहून. याने कधी काय वाहिलं?

भाचा: याच्या गाद्या लहानपणीच तशा झाल्या. गादीच्या आत मऊ, पाणीदार गर असतो आणि बाहेर तंतूंचं कडं. या जातींत तो गर पहिल्या वर्षातच वाळायला लागतो, पुढे त्यात कॅल्शियम साचतं. मग त्याला दाब झेलता येत नाही. कडं मज्जारज्जूच्या बाजूलाच पातळ असतं. सोफ्यावरून एखादी उडी किंवा नुसतं झटकन वळणं पुरतं. वाळलेला गर कडं फोडून मज्जारज्जूवर आदळतो. बहुतेकदा छातीचे मणके संपून कंबरेचे सुरू होतात तिथे. हान्सेन नावाच्या स्वीडिश पशुवैद्याने १९५२ साली दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक मोठ्या जातींचा, उतारवयात हळूहळू फुगत जाणारा, आणि दुसरा हा, एकदम फुटणारा. त्याचं मूळ सापडायला मात्र २०१७ साल उजाडलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांना या कुत्र्यांच्या बाराव्या गुणसूत्रावर वाढीशी संबंधित एका जनुकाची, एफजीएफ-४ची, जास्तीची प्रत मिळाली. तिच्यामुळे पाय आखूड राहतात आणि गाद्याही अकाली वाळतात.

मावशी: म्हणजे पाय आखूड हवेत म्हणून पैदास केली आणि हा कणा त्याबरोबर आला.

भाचा: हो. जर्मनीत बॅजरच्या बिळात शिरून त्याला बाहेर काढायला हा कुत्रा तयार केला.

मावशी: आणि तो आता महाप्यात दुसऱ्या मजल्यावर. मी एक इंजेक्शन म्हटलं तर तुला मी निर्दय वाटले. पण पिढ्यानपिढ्या हा कणा जन्माला घालणाऱ्यांना कुणी निर्दय म्हणत नाही. माझ्या सासरी सोलापूरकडे कारवान कुत्रे बघितलेत मी. उंच, सडसडीत, दिवसभर शेतातून पळायचे. म्हातारे होऊन मरायचे. मागचे पाय ओढत फिरणारा एकही आठवत नाही मला.

भाचा: हे तुझं मान्य आहे. डॅशहुंडांत साधारण पाचातल्या एकाला कधी ना कधी हे दुखणं होतंच. डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंडमध्ये पैदाशीआधी दोन ते चार वर्षांच्या वयात कुत्र्याच्या पाठीचे एक्स-रे काढून किती गाद्यांत कॅल्शियम साचलंय ते मोजतात. ज्याच्या जास्त, त्याची पैदास टाळतात. आपल्याकडे २०१७चे पैदाशीचे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. पण आधी आईबापाच्या पाठीचा एक्स-रे दाखवा, असं म्हणणारं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही. पिल्लाचे कान किती लांब ते मात्र सगळे बघतात.

मावशी: मग तुझ्या ऑफिसात कुणी पिल्लू घ्यायचं म्हटलं तर काय सांगशील?

भाचा: गल्लीतलं घ्या असं सांगेन. आणि ऐकलं नाही तर निदान एक्स-रे मागा.

मावशी: आणि हा खर्च? एमआरआय, ऑपरेशन, औषधं. लाखाच्या वर गेलं म्हणालास. ठाणे-बेलापूर रस्त्यावर डंपरखाली आलेला कुत्रा दुभाजकाच्या कडेला पडलेला असतो. त्याच्यासाठी कुणी शंभर रुपये काढत नाही.

भाचा: त्याच्यासाठी काढायला हवेत. पण टिल्लूवर खर्च केला नसता तर ते पैसे त्याच्यापर्यंत पोचले असते असं तुला वाटतं का? नवा फोन आला असता फार तर.

पैशाचा हा मुद्दा मुंबईच्या इतिहासात जुना आहे. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचं रुग्णालय १८८३ सालचं, आणि त्याच आवारातलं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचं. तेव्हा या शहरात ट्राम घोडे ओढायचे आणि माल बैल. जनावर कामाचं होतं. ते उभं राहिलं की मालकाची भाकरी सुरू व्हायची. लंगड्या घोड्यावर केलेला खर्च कुणाला समजावून सांगावा लागत नसे. टिल्लूसारखा कुत्रा काहीच ओढत नाही, आणि म्हणून त्याच्यावरच्या प्रत्येक रुपयाचा जाब विचारला जातो. मला हा जाब अन्यायाचा वाटतो. ज्याने आपल्यावर विसंबावं म्हणून आपणच त्याचं शरीर असं घडवलं, त्याच्या दुखण्याचा खर्च हा काही लाड नव्हे.

रतन टाटा यांनी आपला एक कुत्रा सांध्याच्या ऑपरेशनसाठी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात नेला होता. पोचायला उशीर झाला होता. सांधा बदलता आला नाही, तो एका ठरावीक स्थितीत कायमचा जखडून टाकावा लागला. असं रुग्णालय आपल्याकडे हवं हे त्यांनी बोलून दाखवलं आणि १ जुलै २०२४ रोजी महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं: पाच मजली, ९८ हजार चौरस फुटांचं, १६५ कोटी रुपयांचं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टाटा गेले. हे रुग्णालय मुळात नवी मुंबईत, कळंबोलीला व्हायचं होतं. लोकांना यायला-जायला लांब पडेल म्हणून ते मुंबईत हलवलं. मुंबईकरांच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता. महाप्याहून मात्र मध्ये खाडी पडते, आणि लुळ्या पायांच्या कुत्र्याला मांडीवर घेऊन वाशीच्या पुलावर अडकलेल्या माणसाला डीप पेनचे तास आठवत राहतात.

मावशी: ती वाटी सरकव जरा. कशी काढतोस लघवी, बघू दे मला.

भाचा: असा उभा धरायचा, पोटाखाली टॉवेल घालून. दोन्ही बाजूंनी बोटं, बरगड्या संपल्या की मांड्यांच्या पुढे. मूत्राशय हाताला लागतं, लहान मोसंबीएवढं. मग मागच्या दिशेला हळूहळू, एकसारखा दाब. दिवसातून चार वेळा. झटका द्यायचा नाही.

मावशी: अंगठ्याने टोचतोयस. तळहाताचा दाब हवा. आता बघ. हं, आली धार. पहिल्या दिवसांत तू म्हणत होतास की अंथरूण ओलं होतं, म्हणजे त्याला लघवी होतेय.

भाचा: डॉक्टरांनी तो गैरसमज दूर केला. ते तुंबून सांडणं. मूत्राशय भरून फुगलं की उरलेलं ठिबकतं.

मावशी: आमच्याकडेही नवे डॉक्टर त्यात फसायचे. आणि हे बघ, आज लघवी गढूळ आहे, वासही येतोय. उद्या नमुना तपासायला दे. जंतुसंसर्ग वर किडनीकडे गेला तर पायांचं राहू दे, तापानेच जाईल. कुशी किती वेळाने बदलतोस?

भाचा: चार तासांनी.

मावशी: आम्ही दोन तासांनी बदलायचो. पण याचं वजन कमी, ठीक आहे. नितंबाचं हाड बघत जा, खुब्याचं बघ. केस गळून कातडी लाल दिसली की समज जखम सुरू झाली. खाली ओलं राहता कामा नये. आणि याची मांडी घडी घालून सरळ करतोस ना? गुडघा, घोटा, बोटं, सगळे सांधे. नाहीतर जोर परत येईल तेव्हा सांधे आखडलेले असतील.

भाचा: दिवसातून तीनदा, प्रत्येक पायाला दहा-पंधरा वेळा. टाके सुकले की पाण्यातल्या ट्रेडमिलवर न्यायचंय. पाण्यात वजन हलकं होतं, पाय उचलायला धीर येतो. घरात सगळीकडे रबरी चटया टाकल्यात. या गुळगुळीत लादीवर धड कुत्र्याचेही पाय फाकतात.

मावशी: पण मग गेल्या वर्षी महिनाभर पिंजऱ्यात का कोंडलं होतंस? पडून राहिलेला रुग्ण जास्त बिघडतो हे आमच्या वॉर्डात पहिल्या दिवसापासून शिकवायचे. चालवा, बसवा, हलवा.

भाचा: तेव्हा ऑपरेशन नव्हतं ना. फुटलेलं कडं सांधायला महिना तरी लागतो. तोवर एक उडी पडली की उरलेला गरही बाहेर. उठता येईल, वळता येईल एवढीच जागा. लघवीपुरतं पट्टा लावून बाहेर, तेही उचलून. आता डॉक्टरांनी गर काढून टाकलाय, दडपण गेलंय, म्हणून हालचाल लवकर सुरू करायची. सगळ्यात कठीण दिवस कोणते होते सांगू? दुखणं थांबल्यानंतरचे. गोळ्यांनी बरं वाटायला लागलं की तो शेपूट हलवत दाराशी यायचा आणि बघणाऱ्याला वाटायचं, झाला बरा, सोड त्याला. शेजारच्या काकूंनी मालीशवालासुद्धा शोधून आणला होता.

मावशी: मालीश करू दिलंस?

भाचा: नाही. सुटलेल्या गादीवर कुणी जोर लावला असता तर तेव्हाच चौथी पायरी आली असती.

मावशी: चांगलं केलंस. आणि ते कपाटातलं डायक्लोफेनॅक?

भाचा: माझ्या कंबरेसाठी आहे. माणसांच्या त्या गोळ्या कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव करतात. स्टिरॉइडही डॉक्टरांनी दिलं नाही. पूर्वी सर्रास द्यायचे म्हणे. स्टिरॉइड आणि वेदनाशामक एकत्र पडलं तर आतड्याला भोक पडू शकतं. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेताना आधीच्या औषधांची चिठ्ठी बरोबर न्यायचीच.

मावशी: कण्याच्या दुखापतीत आम्हीही पहिल्या आठ तासांत स्टिरॉइडचा मोठा डोस द्यायचो. पुढे बंद झालं ते. असो. हातपाय चालवायला तू शिकलास, हे मला दिसतंय. पण माझा प्रश्न तसाच आहे. नाहीच चालला तर?

भाचा: नाही चालला तर चाकांची गाडी. मागच्या अंगाला आधार आणि दोन चाकं, पुढच्या पायांनी ओढतो.

मावशी: कुत्र्याची अशी मिरवणूक काढण्यात त्याचं काय भलं?

भाचा: मावशी, इथे तू वॉर्डातल्या माणसाला टिल्लूच्या जागी बसवतेस. त्या माणसाला काल आपण चालत होतो हे आठवतं, उद्या लग्नाचं काय हे छळतं, लोक बघतात त्याची लाज वाटते. टिल्लूला यातलं काही नाही. वाटी वाजली की पुढच्या पायांवर उठून भुंकतो. मी दार उघडलं की शेपूट हलते. हात लावल्यावर नाही, मला बघून हलते. डॉक्टर म्हणाले हे चांगलं लक्षण. त्याला दुखतंय का, भूक आहे का, झोप लागते का, मी आलो की त्याला आनंद होतो का, एवढंच मी बघतो. हे सगळं असताना पाय नाहीत म्हणून त्याला मारणं म्हणजे माझी लाज त्याच्यावर लादणं.

मावशी: हे बोललास ते बरोबर आहे. माझ्या मनात माणसंच होती.

भाचा: आणि मलाही मर्यादा कळते. डीप पेन गेलेल्यांपैकी दहातल्या एखाद्याचा मज्जारज्जू आतून मरत जातो. पहिल्या काही दिवसांत लुळेपणा पुढे सरकतो, पुढचे पाय जातात, मग श्वास. त्यावर उपाय नाही. तसं काही दिसलं असतं तर मी स्वतः डॉक्टरांना थांबा म्हटलं नसतं. १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यातही असह्य वेदनेतल्या जनावराला मरण देण्याची तरतूद आहे. ती अशा वेळेसाठी आहे. मला उठायचा कंटाळा येतो यासाठी नाही.

मावशी: थांब, इथेच माझं म्हणणं आहे. कंटाळा हा शब्द सोपा वाटतो तुला, कारण अजून पंधरवडाच झालाय. वॉर्डात मी बघितलं, निर्णय घेणारा एक असतो आणि मळ काढणारी दुसरी. मोठा भाऊ यायचा, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायचा, सगळं करा म्हणायचा आणि सहाच्या गाडीने परत जायचा. उरायची ती बायको. तिला कुणी विचारायचं नाही की तुला झेपतंय का. तिने नाही म्हटलं तर ती वाईट. म्हणून मी तुला विचारते, कारण इथे दोन्ही तूच आहेस.

भाचा: दोन्ही मीच आहे म्हणून तर मला ठरवू दे.

मावशीच्या या म्हणण्यापाशी मी ठाम उभा आहे. अशा कुत्र्यांचं काय करावं याविषयी सल्ला देणारे चहूकडून येतात. लिफ्टमधून कुत्रा न्यायचा नाही म्हणणारी सोसायटी सल्ला देते. खरं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव कुत्र्याला लिफ्ट नाकारता येत नाही, आणि पाठीच्या दुखण्यात जिना ही शिक्षा असते. नातेवाईक सल्ला देतात. प्राणिप्रेमी मित्र काहीही झालं तरी मारू नकोस असं फोनवर सांगतात. यांतला जो माणूस रात्री दोन वाजता मूत्राशय दाबायला येणार आहे, त्याच्या सल्ल्याला वजन द्यावं. बाकीच्यांचं ऐकून घ्यावं. आणि जो एकटाच हे करतो आहे तो एक दिवस म्हणाला की आता माझ्याने होत नाही, तर त्याला प्रेम कमी पडलं असं म्हणू नये. उलट बाजूही तितकीच खरी. हे काम शिकता येतं. मूत्राशय हाताला लागायला दोन-चार दिवस जातात, मग आंधळ्यालाही जमतं. पहिल्या आठवड्यात अशक्य वाटणारी गोष्ट चौथ्या आठवड्यात सकाळच्या चहासारखी होऊन जाते, म्हणून पहिल्या आठवड्याच्या थकव्यात इंजेक्शनचा निर्णय घेऊ नये. मज्जारज्जूवरचं दडपण निघाल्यावर डीप पेन असलेले बहुतेक कुत्रे काही आठवड्यांत उभे राहतात; काहींना महिने लागतात. एवढा अवधी त्यांना द्यायलाच हवा.

मावशी: पुढच्या सोमवारपासून तुझी रात्रपाळी ना?

भाचा: दिवसपाळी मागितलीय. मॅनेजर बघतो म्हणालाय. नाही मिळाली तर रजा टाकेन.

मावशी: रजा किती पुरणार? आणि रजा संपल्यावर? रात्री अकरा ते सकाळी सात हा इथे एकटा. मूत्राशय आठ तास भरलेलं. कूस कोण बदलणार?

भाचा: ऑफिसातली एक मैत्रीण एक दिवसाआड येईन म्हणालीय. तिला शिकवलंय मी.

मावशी: एक दिवसाआड लघवी काढून चालत नाही.

भाचा: माहितेय.

मावशी: मी महिनाभर राहते. रात्रीच्या दोन वेळा माझ्या, सकाळी तू आल्यावर तुझ्या. वही कर एक. किती वाजता, किती निघाली, रंग कसा, शी झाली का, कुठे लाल दिसतंय का, पाय हलवला का. अंदाजाने काही चालणार नाही मला.

भाचा: खरंच राहशील?

मावशी: पुढचं ऐक आधी. महिन्याने वही काढून बसायचं आणि मी हाच प्रश्न पुन्हा विचारणार. तेव्हा चिडायचं नाही. पाय आले असतील तर प्रश्नच नाही. नसतील आले, पण खातोय, झोपतोय, जखम नाही, आणि तुला दिवसपाळी मिळालीय, तर गाडीचं माप देऊ. पण जखमा झाल्या असतील, पुन्हा पुन्हा ताप येत असेल आणि तू असाच वाळत चालला असशील, तर मी सोडव म्हणेन.

भाचा: आणि तोवर?

मावशी: तोवर उद्या सकाळी आधी तो लघवीचा नमुना द्यायचा. स्वच्छ बाटली आहे का घरात?